झोपेतून उठल्यावर



आपल्यापैकी किती जणांना अजूनही परीक्षेची स्वप्ने पडतात? हात वर करायला सांगितले तर अर्धे चर्च हात वर करील, असा आमचा अंदाज आहे. पेपर सुरू झाला आहे, आपला नंबर कुठल्या वर्गात आला आहे ते सापडत नाही, पेन चालत नाही, अभ्यास भूगोलाचा केला आहे आणि समोर गणिताचा पेपर आहे. शाळा सोडून चाळीस वर्षे झाली, नातवंडे शाळेत जाऊ लागली, तरी हे स्वप्न पडते. घाम पुसत आपण जागे होतो, आपल्याला आता परीक्षा नाही हे आठवते आणि बरे वाटते.

परीक्षेचे स्वप्न हसून सोडून देता येते. काही स्वप्ने तशी सोडता येत नाहीत. आयुष्यात मोठा बदल घडतो तेव्हा पडणारी स्वप्ने या जातीची असतात. लग्न होते, नोकरी संपते, घर विकले जाते, जोडीदार देवाघरी जातो, एखादे जुने व्यसन सुटते. दिवसा आपण तो बदल स्वीकारलेला असतो, कागदांवर सह्याही झालेल्या असतात. रात्री मात्र वेगळेच काही दिसते आणि सकाळी मनात एक टोचणी राहते.

अशी स्वप्ने आमच्या कानांवर वारंवार येतात. त्यांपैकी काही इथे सांगतो. ही कोणा एकाची गोष्ट नव्हे. अनेकांकडून, अनेक वर्षांत ऐकलेले एकत्र केले आहे. त्यामुळे 'हे कोणाबद्दल असेल बरे?' असा शोध कृपया कोणी घेऊ नये. आणि पापनिवेदनाच्या आसनाजवळ ऐकलेले तर कधीही, कुठेही लिहिले जात नाही, हे आपण जाणताच.

नुकतेच लग्न झालेली एक मुलगी. स्वप्नात ती माहेरीच असते. आई हाक मारते, ती उठते, शाळेच्या वेण्या घालते. नवरा नाही, सासर नाही, जणू लग्न झालेच नाही. जाग येते तेव्हा खिडकी कुठल्या बाजूला आहे हे क्षणभर तिला कळत नाही. मग ती नवऱ्याकडे पाहते आणि तिला अपराधी वाटते.

पस्तीस वर्षे विरार लोकलने चर्चगेट गाठणारे एक गृहस्थ. निवृत्त होऊन वर्ष झाले तरी स्वप्नात त्यांची गाडी चुकते. वाडी विकून फ्लॅटमध्ये आलेले एक आजोबा. स्वप्नात त्यांना कौलारू घर दिसते, विहिरीवरचा रहाट दिसतो, आणि पाणी भरून ते घरात आणतात तर घरच नसते.

पती वारल्यानंतर सहा महिन्यांनी एका मावशींना तो स्वप्नात दिसला. ताटावर बसला होता आणि ताट रिकामे होते. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. शेजारच्यांनी सांगितले, 'त्याचा आत्मा भुकेला आहे.' कोणी एका 'जाणकारा'चे नाव सुचवले आणि त्याने पैसे मागितले.

आणि दारू सोडलेला एक बाप. दोन वर्षे झाली, थेंबाला स्पर्श नाही. स्वप्नात तो पितो, मजेत पितो, मित्र हसत असतात. दचकून उठतो आणि तोंडाला वास येतो का ते पाहतो. उरलेली रात्र तो बिछान्यात बसून काढतो. त्याचा प्रश्न एकच असतो: "फादर, मी अजून तोच आहे का?"

खरे पाहता या सर्वांचा हाच प्रश्न आहे. 'या स्वप्नाचा अर्थ काय?' असे ते विचारतात. त्यामागे विचारायचे असते ते हे की, दिवसा जगणारा मी खरा की रात्री दिसणारा? माझे बदललेले आयुष्य खरे की तो वरवरचा रंग? हा प्रश्न लहान नाही. त्याच्या उत्तरावर कोणाचे लग्न, कोणाची निर्व्यसनी वर्षे, कोणाच्या मनाची शांती अवलंबून असते. म्हणून त्याचा जरा शांतपणे विचार करू या.

दोन सोपी उत्तरे

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आपल्या भोवती तयार मिळतात.

पहिले उत्तर जुने आहे: स्वप्न म्हणजे शकून किंवा अपशकून. दात पडला तर अमुक, साप दिसला तर तमुक. स्वप्नांची फळे सांगणारी पुस्तके आजही विकली जातात. ख्रिस्तसभेने या बाबतीत नेहमीच सावध राहायला सांगितले आहे. जुन्या करारातील बेन सिराच्या ग्रंथाचा 34वा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. स्वप्नांवर भिस्त ठेवणाऱ्याची तुलना तो सावलीमागे धावणाऱ्याशी करतो. परात्पर देवाने स्वतः पाठवलेले स्वप्न तेवढे तो वेगळे काढतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच धाग्याने विचार केला. बहुतेक स्वप्नांची कारणे आपल्यातच असतात, असे ते मानत. दिवसभर मनात घोळलेले विचार हे एक कारण आणि शरीराची प्रकृती हे दुसरे. वैद्यलोक रोग्याची स्वप्ने विचारतात, याचीही ते नोंद घेतात. देव स्वप्नातून बोलू शकतो हे त्यांना मान्य होते. पण स्वप्नांवरून भविष्य काढण्याचा धंदा त्यांना मान्य नव्हता.

दुसरे उत्तर नवे आहे आणि शिकलेल्या लोकांत ते अधिक चालते: झोपेत मुखवटा गळून पडतो, म्हणून स्वप्नात दिसतो तो खरा माणूस. हा विचार सिग्मंड फ्रॉइड यांच्या नावावर खपवला जातो. त्यांचा स्वप्नांवरील प्रसिद्ध ग्रंथ 1899च्या अखेरीस बाहेर आला आणि त्यावर 1900 हे साल छापले गेले. दडपलेल्या इच्छा स्वप्नात वेष पालटून येतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य किती यावर मानसशास्त्रात आजही वाद आहे. पण दडपलेली इच्छा माझ्यात आहे एवढ्यावरून ती इच्छा म्हणजेच मी, असे ठरत नाही. घराच्या माळ्यावर जुनी ट्रंक असते, तिच्यात जुने कपडे असतात. ते आपलेच असतात. म्हणून आपण अजून तेच कपडे घालून फिरतो असे कोणी म्हणत नाही.

रात्री काय चालते?

झोपेविषयी विज्ञानाने गेल्या सत्तर वर्षांत बरेच काही शोधले आहे. 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या संशोधकांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक अंतराने मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलू लागतात. अशा वेळी माणसाला जागे केले तर तो बहुधा एखादे स्वप्न सांगतो. झोप ही नुसती विश्रांती नाही, त्या वेळीही मेंदू काम करत असतो, हे यातून पुढे आले. दिवसभराचे अनुभव पक्के करणे, नव्या आठवणी जुन्यांशी जोडणे असे बरेचसे काम झोपेत होते, असे आज मानले जाते.

याच शिकागो शहरात रोझलिंड कार्टराइट नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. 2021 साली त्यांचे निधन झाले. घटस्फोटातून जाणाऱ्या, खचलेल्या माणसांच्या स्वप्नांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना आढळले ते विचार करायला लावणारे आहे. ज्यांच्या स्वप्नात दुरावलेला जोडीदार येत होता, राग-दुःख घेऊन येत होता, आणि जुन्या आठवणी नव्या परिस्थितीशी मिसळत होत्या, अशी माणसे वर्षभरानंतर सावरलेली दिसण्याची शक्यता अधिक होती. ज्यांच्या स्वप्नांत यातले फारसे काही घडत नव्हते, ती मागेच राहिली. म्हणजे जुने माणूस स्वप्नात येणे हे मन मागे अडकल्याचेच लक्षण असते असे नाही. मन पुढे सरकत असल्याचेही ते लक्षण असू शकते.

अपघातात पाय गमावलेल्या अनेकांना पुढे कितीतरी काळ आपण दोन्ही पायांनी चालतो आहोत अशी स्वप्ने पडतात. शरीर बदलले, पण शरीराची मनातली ओळख तिच्या गतीने बदलते. नोकरी, घर, पती, पत्नी यांचेही असेच आहे. जे वर्षानुवर्षे आपला भाग होते, ते गेल्याची बातमी आपल्या सर्व कोपऱ्यांत एकाच दिवशी पोहोचत नाही. आम्हां धर्मगुरूंनाही याचा अनुभव आहे. बदली होऊन नव्या धर्मग्रामात आलो तरी कितीतरी महिने स्वप्नातली मिस्सा जुन्याच वेदीवर होत असते.

संत ऑगस्टीन यांचा प्रश्न

दारू सोडलेल्या त्या बापाचा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपांनी स्वतःला विचारला होता. संत ऑगस्टीन यांचा स्नानसंस्कार 387 साली झाला. त्याआधीचे त्यांचे आयुष्य कसे होते ते त्यांनी स्वतःच 'कन्फेशन्स' या ग्रंथात सांगितले आहे. तो ग्रंथ त्यांनी लिहिला स्नानसंस्कारानंतर दहा-एक वर्षांनी, ते हिप्पो येथे बिशप असताना, चाळिशीत. दहाव्या भागात ते प्रांजळपणे कबूल करतात की, जुन्या सवयीची चित्रे अजून स्वप्नात येतात. जागेपणी ती दुबळी असतात, झोपेत मात्र बळावतात आणि आपली संमतीही मिळवतात. मग ते देवालाच विचारतात की, त्या वेळी मी मी नसतो काय?

या प्रश्नापाशी ते थांबत नाहीत. जागे झाल्यावर विवेकाला जी शांती मिळते तिच्याकडे ते लक्ष वेधतात. स्वप्नातले ते कृत्य आपण केले नाही, आपल्यात ते कसेतरी घडले, हा फरक त्यांना जागेपणी स्पष्ट दिसतो. त्याचे त्यांना दुःख वाटते आणि ते बरे करण्याची प्रार्थना ते करतात. 'केले' आणि 'घडले' यांतला हा फरक आपण सर्वांनी मनात साठवून ठेवावा असा आहे. अक्वायनस यांनीही पुढे तेच सांगितले. झोपेत विवेकबुद्धी बांधलेली असते, म्हणून स्वप्नातल्या कृत्याचे पाप लागत नाही. मात्र जागेपणी आपण मुद्दाम मनाला जे खाऊ घालतो त्याची जबाबदारी आपलीच असते.

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न आणखी ताणून पाहिला. माणसाची ओळख म्हणजे त्याची जाणीव, असे ते मानत. मग जागा असलेला सॉक्रेटिस आणि झोपलेला सॉक्रेटिस यांची जाणीव एक नसेल तर त्या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतील, असे ते म्हणतात. झोपलेल्याच्या विचारांबद्दल जाग्याला शिक्षा करणे म्हणजे जुळ्या भावाच्या अपराधाबद्दल दुसऱ्याला शिक्षा करणे होईल! युक्तिवाद चतुर आहे. पण त्या बापाला त्याने समाधान होणार नाही, आणि आम्हांलाही होत नाही. कारण रात्री पिणारा माणूस परका नाही, हे त्याला ठाऊक आहे. तो चेहरा त्याच्या ओळखीचा आहे, ते मित्रही ओळखीचे आहेत. तो त्याचाच भूतकाळ आहे.

येथे फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर (1913-2005) यांचा विचार आम्हांला अधिक उपयोगी वाटतो. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्यांनी ओळखीचे दोन अर्थ वेगळे केले. एका अर्थाने मी तोच आहे, कारण माझा चेहरा, आवाज, सवयी, स्वभाव टिकून आहेत. दुसऱ्या अर्थाने मी तोच आहे, कारण मी दिलेला शब्द पाळतो. आज मन बदलले, परिस्थिती बदलली, तरी काल दिलेल्या शब्दाला मी आजही 'हो, तो मी' असे उत्तर देतो. पहिली ओळख आपोआप चालत येते. दुसरी रोज उठून राखावी लागते.

हे मनात धरले तर गोंधळ बराच सुटतो. स्वप्न पहिल्या ओळखीच्या साठ्यातून बनते: सवयी, चेहरे, जुनी घरे, जुने वास. आपण कोणाला काय शब्द दिला, हे ठरवण्याचा अधिकार त्या साठ्याकडे नाही. वेदीसमोर 'होय' म्हणाली ती जागी असलेली मुलगी. 'आजचा दिवस पिणार नाही' असे रोज सकाळी म्हणतो तो जागा असलेला बाप. म्हणून त्याच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे: तू ज्याला घाबरतोस तो तुझ्यात अजून आहे, हे नाकारू नकोस, पण रात्री तो हसत होता आणि तू दचकून उठलास. ते दचकणे तुझे आहे. दारू सोडलेल्या पुष्कळ माणसांना अशी स्वप्ने पडतात. ए.ए.च्या सभेला जात असशील तर तिथे ते स्वप्न मोकळेपणाने सांग. ऐकणाऱ्यांतले कितीतरी मान डोलावतील.

स्वप्नातले वचन बांधते का?

आणखी एक प्रश्न आम्हांला विचारला जातो: "स्वप्नात मी माउंट मेरीला अमुक नवस बोलले, तो फेडायला हवा का?" याचे उत्तर देताना संत जेरोम यांची आठवण येते. तरुणपणी पूर्वेकडे संन्यासजीवनासाठी निघालेले जेरोम आपली लॅटिन पुस्तके सोबत घेऊन गेले होते. अभिजात वक्ता सिसेरो हा त्यांचा आवडता लेखक. वाटेत ते तापाने फणफणले आणि त्यांना दिसले की, आपल्याला न्यायासनासमोर उभे केले आहे. कोण आहेस, असे विचारल्यावर त्यांनी ख्रिस्ती असल्याचे सांगितले. न्यायाधीशाने ते खोडून काढले आणि तू सिसेरोचा आहेस असे ठणकावले. जेरोम यांनी तिथेच शपथ घेतली की, असली पुस्तके पुन्हा वाचणार नाही. 384 साली एका पत्रात त्यांनी ही हकिगत सांगितली, आणि ते साधे पोकळ स्वप्न नव्हते असेही आवर्जून लिहिले.

पुढे त्यांचे जुने मित्र रुफिनस यांच्याशी वाद झाला. रुफिनस यांनी टोमणा मारला की, शपथ मोडून तुमच्या लिखाणात अजून जुन्या लेखकांची वचने येतातच. तेव्हा, पाचव्या शतकाच्या आरंभी, उत्तर देताना जेरोम यांनी वेगळीच भूमिका घेतली: हा गृहस्थ माझ्यावर स्वप्नाचा आरोप ठेवतो! स्वप्नांवर विसंबू नये असे संदेष्टेच सांगतात, याचा आधार त्यांनी दिला.

या विसंगतीवर टीकाकार हसले. आम्हांला मात्र दोन्ही म्हणण्यांत सत्य दिसते. त्या रात्री जेरोम एका आयुष्यातून दुसऱ्यात चालले होते; सिसेरोचा की ख्रिस्ताचा हा प्रश्न त्यांच्या मनात खरोखर धगधगत होता, आणि स्वप्नाने तो चव्हाट्यावर आणला. तेवढे स्वप्नाचे काम. पण शपथ बांधते ती शुद्धीवर असलेल्या, मोकळ्या माणसाची. नवसाला स्वतःचा विचार आणि स्वतःची इच्छा लागते. स्वप्नात बोललेला नवस फेडण्याचे बंधन नाही. जागेपणी भक्तीने वांद्र्याला जावेसे वाटले तर जरूर जावे, भीतीने जाऊ नये.

रिकामे ताट

आता त्या मावशींकडे वळू. त्यांना आम्ही जे सांगितले ते इथे सर्वांसाठी लिहितो, कारण नोव्हेंबर महिना, मृतांचा महिना आला की हा प्रश्न घरोघरी येतो.

चाळीस वर्षे त्यांनी आधी त्याला वाढले, मग स्वतः घेतले. त्याला भात किती लागतो, माशाचा कुठला तुकडा आवडतो, हे त्यांच्या हातांना पाठ आहे. तो गेला, हातांना मात्र अजून काम हवे आहे. रिकामे ताट दिसले ते त्या हातांना दिसले. तो भुकेला आहे असा निरोप त्यातून येत नाही. आपले मृत बांधव देवाच्या करुणेच्या हाती आहेत ही आपली श्रद्धा आहे, आणि देवाच्या घरी कोणी ताटासाठी ताटकळत नाही. त्याच्यासाठी मिस्सा जरूर सांगावी, प्रार्थना करावी. ती प्रेमाची रीत आहे. पण 'नाही सांगितली तर तो छळेल' या भयाने सांगू नये. आणि त्या 'जाणकारा'ला एक रुपयाही देऊ नये. हात अगदीच अस्वस्थ झाले तर आपल्या आळीत एकटे राहणारे कोणी असेल, त्याच्याकडे एक डबा पाठवावा.

पवित्र शास्त्रातली स्वप्ने

कोणी म्हणेल, मग बायबलमधल्या स्वप्नांचे काय? ती तर देवाने पाठवलेली होती. खरे आहे. आणि पाहा, ती बहुतेक आयुष्याच्या वळणावरच येतात.

याकोब भावाच्या भीतीने घर सोडून पळतो आणि उघड्यावर दगडाची उशी करून झोपतो. त्या रात्री त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोहोचणारी शिडी दिसते. पण त्या रात्री याकोब बदलत नाही. मामाकडे वीस वर्षे राबतो, फसवतो, फसवला जातो, बायकामुले होतात. परतीच्या वाटेवर रात्रभर झुंज होते, तो लंगडा होतो, तेव्हा कुठे त्याला इस्राएल हे नवे नाव मिळते.

योसेफ सतरा वर्षांचा असताना भावांच्या पेंढ्या आपल्या पेंढीला नमन करतात असे स्वप्न पाहतो आणि मोठ्या तोऱ्यात ते भावांना सांगतो. भाऊ त्याला विकतात. फारोपुढे तो उभा राहतो तेव्हा तीस वर्षांचा असतो. पुढे दुष्काळात भाऊ धान्य मागायला येऊन त्याच्यापुढे वाकतात आणि त्याला ती स्वप्ने आठवतात. स्वप्न खरे ठरले. पण सतराव्या वर्षी त्याने त्यात स्वतःचा मोठेपणा पाहिला होता, आणि ते खरे ठरले तेव्हा त्याच्या हाती भावांना जगवण्याचे काम होते. पेंढ्यांचा अर्थ धान्य, हे कळायला त्याला विहीर, गुलामी आणि तुरुंग यांतून जावे लागले. देवाने पाठवलेल्या स्वप्नाचा अर्थही सकाळी उठल्याबरोबर हाती येत नाही. तो जगून कळतो. आपल्या स्वप्नांचा अर्थ लावायची घाई आपण का करावी?

आणि नाझरेथचा योसेफ. वाग्दत्त वधूला गुपचूप सोडून देण्याच्या विचारात तो झोपतो. झोपला तेव्हा तो दुखावलेला वर आहे; आता त्याला एका कुटुंबाचा पालक व्हायचे आहे. मत्तयने सांगितलेल्या त्याच्या स्वप्नांकडे आपले लक्ष जाते, पण मत्तय प्रत्येक वेळी पुढचे वाक्यही सांगतो: तो उठला आणि त्याने तसे केले. शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही. त्याचे मोठेपण आहे ते उठल्यावर त्याने काय केले यात. पोप फ्रान्सिस (निधन 2025) यांच्याकडे झोपलेल्या संत योसेफाची एक मूर्ती होती. 2015च्या जानेवारीत मनिला येथे कुटुंबांशी बोलताना त्यांनी सांगितले होते की, काही अडचण आली की आपण ती चिठ्ठीवर लिहून त्या मूर्तीखाली ठेवतो. आपल्याकडेही काही घरांत तशी मूर्ती आता दिसते. ती पाहताना हेही आठवावे की, तो झोपलेला माणूस उठून रात्रीच्या अंधारात मूल आणि आई यांना घेऊन मिसरच्या वाटेला लागणार आहे.

घरच्यांसाठी चार शब्द

स्वप्न ज्याला पडते त्याच्याशी आम्ही बोललो. आता त्याच्या घरच्यांशी बोलायचे आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहायला सांगितले आहे ते पुरुषाला. आपल्याकडे घर सोडते ती मुलगी. तिने सकाळी डोळे पुसत 'आईचं घर स्वप्नात दिसलं' असे सांगितले तर सासूबाईंनी तोंड वाकडे करू नये. एकेकाळी त्याही अशाच एका सकाळी या घरात उठल्या होत्या. नवऱ्याने 'इथे काय कमी आहे तुला?' असे विचारण्यापेक्षा 'तुमच्या घरी सकाळी काय काय असायचं?' असे विचारावे. तिला बोलू द्यावे. मन एका घरातून दुसऱ्या घरात सामान हलवत असते, ते एका खेपेत येत नाही.

आजोबा विहिरीचे स्वप्न सांगू लागले की नातवंडांनी मोबाइल खाली ठेवावा. ज्या वाडीवर आज इमारत उभी आहे तिथे केळी कुठे होती, फुलांची झाडे कुठे होती, हे त्यांच्याशिवाय आता कोणाला ठाऊक आहे? स्वप्न सांगणारा माणूस बहुधा उपाय मागत नसतो. 'मी कोण होतो ते तुम्ही विसरणार नाही ना?' एवढेच त्याला विचारायचे असते.

मात्र एक काळजी घ्यावी. अपघात, मारहाण, अत्याचार किंवा आकस्मिक मृत्यू यांनंतर तीच ती भयानक स्वप्ने आठवड्यामागून आठवडे पडत असतील, झोपेची भीती वाटू लागली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञांचीही मदत घ्यावी. त्यात श्रद्धेची कमतरता नाही. डॉक्टरांची विद्या हीही देवाचीच देणगी आहे.

शेवटच्या वळणाबद्दलही सांगायला हवे. अमेरिकेतील बफेलो शहराच्या हॉस्पिसमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत्यूच्या उंबरठ्यावरील 59 रुग्णांना त्यांच्या स्वप्नांविषयी विचारण्यात आले. त्यांपैकी 88 टक्के रुग्णांनी एक तरी स्वप्न किंवा दर्शन सांगितले. आधी गेलेली प्रिय माणसे दिसत तेव्हा त्यांना सर्वाधिक दिलासा वाटे. त्यामुळे आपल्या घरचे अंथरुणाला खिळलेले माणूस 'रात्री आई आली होती' असे म्हणू लागले तर 'असं काही बोलू नका' म्हणून त्याला गप्प करू नये. शेजारी बसावे, हात हाती घ्यावा आणि 'आई काय म्हणाली?' असे विचारावे. आणि धर्मगुरूंना बोलवायला उशीर करू नये. रात्री कितीही वाजले तरी आम्ही येऊ.

आज रात्री झोपण्यापूर्वी कुटुंबाची प्रार्थना होईल तेव्हा घरात ज्याचे आयुष्य नुकतेच बदलले आहे त्याचे नाव घेऊन एक 'नमो मरिया' म्हणावी, ही विनंती. नवी सून असेल, निवृत्त झालेले वडील असतील, दूरदेशी गेलेला मुलगा असेल. आणि सकाळी चहाच्या वेळी त्याला झोप कशी लागली ते विचारावे.

प्रभू आपणां सर्वांस शांत झोप आणि प्रसन्न जाग देवो.

आपले,
धर्मगुरू